पोटगी की वाटणी? विभक्त पती-पत्नींच्या मालमत्तेचा इतिहास

पती आणि पत्नी यांच्यात वाटणी नसते, असे एक वचन आपस्तंबाच्या धर्मसूत्रात आहे. मूळ सूत्र अवघ्या चार शब्दांचे. ख्रिस्तपूर्व काळातले हे वचन पुढे शतकानुशतके निबंधकार, पंडित आणि न्यायाधीश उद्धृत करत राहिले. विवाह मोडला की घरदार, जमीन, दागिने कोणाचे, या प्रश्नाचा भारतातील इतिहास सांगायचा तर सुरुवात याच चार शब्दांपासून करावी लागते. कारण या वचनाचे दोन अर्थ संभवतात आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला अर्थ असा की विवाहानंतर दोघांचे सर्व काही एकच असते, म्हणून वाटण्यासारखे काही उरत नाही. दुसरा अर्थ असा की पत्नीला वाटणी मागताच येत नाही.

आपस्तंबाचा स्वतःचा कल पहिल्या अर्थाकडे दिसतो. पाणिग्रहणापासून दोघे धर्मकर्मांत, त्यांच्या पुण्यफळात आणि द्रव्य मिळवण्यातही एकत्र असतात, असे तो लगेच पुढे सांगतो. पती प्रवासाला गेला असताना पत्नीने प्रसंगानुसार दान केले तर ती चोरी ठरत नाही, असेही तो म्हणतो. ज्या धनाची आपण मालकीण आहोत त्याचेच दान आपल्याला करता येते. म्हणजे काही एक मालकी येथे गृहीत धरलेली आहे.

मात्र विवाह मोडल्यावर काय, याचे उत्तर आपस्तंब देत नाही. ते कौटिल्याकडे सापडते.

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घटस्फोटासाठी वापरलेला शब्द वाचून आजचा वाचक चमकतो. तो शब्द आहे ‘मोक्ष’. ब्राह्मादी चार धर्म्य विवाहांना हा मोक्ष नाही. उरलेल्या प्रकारांत परस्परांचा द्वेष असेल तर तो मिळतो. आणि त्यापाठोपाठ हिशेब येतो. पत्नीपासून अपाय होईल या भीतीने पतीला मोक्ष हवा असेल तर त्याने तिच्याकडून जे घेतले ते तिला परत करावे. पतीपासूनच्या भीतीने पत्नीला मोक्ष हवा असेल तर तिला ते परत मिळत नाही. भीती दोन्ही बाजूंनी सारखीच, पण बाहेर पडण्याची किंमत एकाच बाजूला! कौटिल्याला स्त्रियांविषयी विशेष आकस होता असे मानण्याचे कारण नाही. पतीने परदेशी जाऊन किती काळ वाट पाहायला लावली तर पत्नी मोकळी होते, याची मोजदाद तोच करतो. पण कोण सोडून जाते यावर मालमत्तेचा निकाल ठरवण्याची रीत त्याच्याकडे स्पष्ट दिसते, आणि ती रीत फार चिवट निघाली.

या व्यवस्थेत स्त्रीच्या हाती जे खात्रीने होते ते स्त्रीधन. विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, आई-वडील आणि भावांनी दिलेले, पतीने प्रेमाने दिलेले. स्त्रीधनाला धर्मशास्त्राने दिलेले संरक्षण आजही थक्क करणारे आहे. ते बळाने वापरणाऱ्या पतीने व्याजासह परत करावे, असे कात्यायन सांगतो. याज्ञवल्क्य मोजके अपवाद मान्य करतो: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, बंदिवास. या प्रसंगी पतीने स्त्रीधन खर्च केले तर परत करण्याची सक्ती नाही. एरवी ते तिचेच.

याच याज्ञवल्क्यस्मृतीत एक श्लोक आहे, ज्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. आज्ञेत राहणारी, दक्ष, पुत्रवती आणि गोड बोलणारी पत्नी जो टाकून देईल त्याच्याकडून राजाने तिला त्याच्या संपत्तीचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असेल तर निदान तिचे भरणपोषण करायला लावावे. दुसरे लग्न करणाऱ्यासाठीही दर ठरलेला आहे. दुसऱ्या विवाहावर जेवढा खर्च होईल तेवढेच धन पहिलीला द्यावे, तिला स्त्रीधन आधीच दिलेले असेल तर त्याच्या निम्मे.

तिसऱ्या हिश्शासाठीच्या अटींची यादी वाचून हसू येईल. गोड बोलणे हे कोणत्या साक्षीदाराने सिद्ध करायचे? तरीही येथे मिळणारी गोष्ट ‘हिस्सा’ आहे आणि भरणपोषण हा गरिबासाठीचा दुय्यम पर्याय आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या काळात हा क्रम उलटला. हिस्सा विस्मरणात गेला आणि भरणपोषण तेवढे उरले.

याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी राजधानीत. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत लागते ते. बंगाल आणि आसाम सोडून जवळजवळ सगळ्या भारतातील हिंदू कायदा पुढे या टीकेवर उभा राहिला, महाराष्ट्रातलाही. आपस्तंबाचे चार शब्द विज्ञानेश्वरासमोर आले तेव्हा अडचण उभी राहिली. वडिलांनी मुलांत समान वाटणी केली तर पत्नीलाही समान हिस्सा द्यावा, असे खुद्द याज्ञवल्क्य म्हणतो. मग पती-पत्नींत वाटणी नसते हे कसे? विज्ञानेश्वराचा तोडगा तर्कशुद्ध आहे. वाटणी नसते ती अग्निहोत्रादी कर्मांत आणि त्यांच्या फळांत. द्रव्यात ती होऊ शकते. द्रव्यावर पत्नीचेही स्वामित्व असते.

आणि मग तो एक अट जोडतो. पत्नीची ही वाटणी पतीच्या इच्छेने होते, तिच्या इच्छेने नाही.

या अटीने पुढच्या आठ-नऊ शतकांचा मार्ग ठरवला असे मला वाटते. स्वामित्व मान्य, मागणी अमान्य. हक्क आहे, पण त्याची कळ दुसऱ्याच्या हाती.

हे सर्व संस्कृत ग्रंथांतले. गावोगावचा व्यवहार त्याहून वेगळा होता. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय जाती वगळता महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत सोडचिठ्ठी आणि काडीमोड रूढ होती, स्त्रियांचे पाट लागत होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे कायदे आणि रिवाज गोळा करून १८२७ साली छापले, त्यात या चालींच्या नोंदी आहेत. जातपंचायतीसमोर होणारा हिशेब मुख्यतः दागिन्यांचा आणि लग्नखर्चाचा असे. जमीन त्यात येत नसे, कारण ती पतीची मानलीच जात नसे. ती घराण्याची. तिने आयुष्यभर त्या जमिनीत खुरपणी केली असली तरी.

आता शब्दांकडे पाहू. मराठीत ‘पोटगी’ हा शब्द पोटाशी बांधलेला आहे. पोट भरण्यापुरते देणे. ‘वाटणी’ हा शब्द भाऊबंदांचा आहे. त्यात गरजेचा प्रश्न नसतो, मालकीचा असतो. सधन भावालाही वाटणी मिळते, आणि पोटगी मागणाऱ्याला आधी आपली निर्धनता सिद्ध करावी लागते. ब्रिटिश न्यायालयांच्या काळात विभक्त पत्नीच्या वाट्याला जवळजवळ पूर्णपणे पहिला शब्द आला. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला, स्त्रीची कमाई तिची स्वतःची असे त्याने जाहीर केले, पण हिंदू आणि मुस्लिम स्त्रिया त्या तरतुदीबाहेर ठेवल्या. (मुस्लिम कायद्यातील मेहर हा विषय मोठा आहे, त्याला स्वतंत्र धागा हवा.)

या काळातील विषमतेचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतले आहे आणि ते बहुतेकांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. रखमाबाई बालपणी दादाजी भिकाजीशी विवाहबद्ध झाल्या, पण नांदायला गेल्या नाहीत. दादाजीने वैवाहिक हक्कांच्या पूर्ततेसाठी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजीने हक्क सोडला, त्या बदल्यात त्याला दोन हजार रुपये मिळाले.

म्हणजे विभक्त होण्यासाठी पैसे पत्नीने मोजले. रखमाबाईंना वडिलांकडून आलेली मालमत्ता होती, आणि पतीचा डोळा त्यावर होता अशी चर्चा तेव्हाही झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या काळातील सामान्य स्त्रीकडे दोन हजार रुपये कोठून असणार?

नेमक्या याच काळात मुंबईपासून दक्षिणेला, तेरेखोल नदीच्या पलीकडे, एक निराळाच कायदा लागू झाला होता. त्यात विवाहाच्या दिवसापासून पत्नी अर्ध्या मालमत्तेची मालकीण होती.

हा कायदा म्हणजे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. तिचा मसुदा अंतोनियु लुईश द सिआब्रा या न्यायशास्त्रज्ञाने केला. १८७० सालापासून ती गोव्यासह पोर्तुगालच्या समुद्रापारच्या प्रदेशांत लागू झाली. अर्ध्या हिश्शाची कल्पना सिआब्राची नव्हे. पोर्तुगालमध्ये ती फार जुनी, ‘राज्याचा रिवाज’ या नावानेच ओळखली जाणारी. विवाहापूर्वी कोणी वेगळा करार केला नसेल तर दोघांची आधीची आणि नंतरची, मिळवलेली आणि वारशाने आलेली मालमत्ता एकत्र होते आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा अविभक्त हिस्सा असतो, असा तो रिवाज. संहितेने तो कलमांत बांधला.

वेगळे काही हवे असेल तर मुभा होती. लग्नाआधी नोटरीसमोर करार करून संपूर्ण विभक्त मालमत्तेची पद्धत स्वीकारता येई, किंवा केवळ विवाहानंतर मिळवलेले तेवढे सामाईक ठेवता येई, किंवा हुंड्याची पद्धत निवडता येई. हुंड्याच्या पद्धतीत पत्नीने आणलेले धन वेगळे राखले जाई. पण निवड एकदाच, लग्नाआधी. नंतर बदल नाही. ज्यांनी करार केला नाही, म्हणजे बहुसंख्य जोडप्यांनी, ते आपोआप अर्ध्या-अर्ध्याच्या पद्धतीत गेले.

फरक नेमका किती पडतो हे आकड्यांत पाहू. समजा, लग्नाच्या वेळी पतीचे २० लाखांचे दुकान आहे आणि पत्नीचे ५ लाखांचे दागिने. संसाराच्या काळात ३५ लाखांचे घर झाले, ते पतीच्या नावावर, आणि त्यावर १० लाखांचे कर्ज बाकी आहे. पूर्ण सामाईक पद्धतीत एकूण ६० लाख, त्यातून कर्ज वजा जाऊन ५० लाख. प्रत्येकाला २५. केवळ विवाहानंतरचे सामाईक मानले तर घराचे कर्जवजा २५ लाख दोघांत वाटले जातील, प्रत्येकी साडेबारा, आणि आधीचे ज्याचे त्याला. पत्नीकडे साडेसतरा येतील. संपूर्ण विभक्त पद्धतीत ज्याच्या नावावर जे असेल ते त्याचे. पत्नी ५ लाखांचे दागिने घेऊन बाहेर पडेल. संसार तोच, वर्षे तीच, तिचे कष्ट तेच.

उदाहरणात कर्ज मुद्दाम घातले. अर्ध्याच्या पद्धतीत देणेही सामाईक असते, आणि पतीच्या धंद्यातील तोटा पत्नीच्या दागिन्यांपर्यंत पोहोचू शकतो. या पद्धतीचे गुणगान करणारे हे सहसा सांगत नाहीत.

आणखीही काही सहसा सांगितले जात नाही. १८६७ च्या संहितेने पत्नीला अर्धी मालकी दिली, पण मालमत्तेचा कारभार पतीकडे ठेवला आणि पत्नीने पतीची आज्ञा पाळावी असेही लिहिले. अर्ध्या राज्याची राणी, पण खजिन्याची किल्ली राजाच्या कमरेला! विज्ञानेश्वराच्या अटीचे हे दूरचे भावंडच म्हणावे. एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची होती. स्थावर मालमत्ता विकायची तर पतीला पत्नीची संमती घ्यावीच लागे. कारभार त्याचा असला तरी जमीन तो एकट्याने फुंकून टाकू शकत नव्हता.

विभक्त होण्याची वाटही संहितेत होती. तिचे नाव ‘व्यक्ती आणि मालमत्ता यांची विभक्तता’. विवाह मोडत नसे, पण माणसे वेगळी होत आणि मालमत्ता वाटली जाई. येथेही तराजू सरळ नव्हता. पत्नीचा व्यभिचार हे पतीला पुरेसे कारण होते. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरेसा नव्हता, त्याच्यासोबत जाहीर बदनामी, परित्याग किंवा घरातच दुसरी बाई ठेवणे असे काही जोडावे लागे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. क्रांती ऑक्टोबरमध्ये झाली आणि नव्या सरकारने ३ नोव्हेंबरलाच घटस्फोटाचा कायदा काढला. महिन्याभरात! तो गोव्यातही आला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक कायद्यांनी पत्नीच्या आज्ञाधारकतेचे कलमही मागे सारले.

गोव्यातील हिंदूंना हे सर्व लागू होते का? बहुतांशी होय. १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही चालीरीती राखून ठेवल्या, आणि त्यांतील एक आजही वादाचा विषय होते. पत्नीला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा ३० व्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा. गोव्याचा कायदा सर्वांना सारखा, असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचलेले नसते. गावकारीच्या उत्पन्नातील ‘जण’ हाही पुरुष वंशजांकडेच जात राहिला. घराच्या भिंतींत पत्नीचा अर्धा हिस्सा होता, गावाच्या सामाईक जमिनीत नव्हता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नव्या प्रशासनाने जुने कायदे एकदम रद्द केले नाहीत. १९६२ च्या कायद्याने ते, संसद बदल करीपर्यंत, चालू ठेवले. यातून एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. पोर्तुगालने १९६६ साली नवी नागरी संहिता केली, ती १९६७ पासून लागू झाली, आणि तीत संपूर्ण सामाईकतेचा मूळ नियम सोडून दिला. आता तेथे करार नसेल तर केवळ विवाहानंतर मिळवलेले सामाईक धरतात. म्हणजे लिस्बनने जो नियम मागे टाकला तो पणजी आणि मडगावच्या न्यायालयांत जिवंत राहिला. वसाहतीचा कायदा वसाहतकारांच्या देशाहून जास्त काळ टिकला, आणि तो टिकवला स्वतंत्र भारताने.

भारताच्या प्राप्तिकर कायद्यालाही गोव्यातील जोडप्यांसाठी वेगळी वाट करून द्यावी लागली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात नंतर घातलेल्या ‘५ अ’ या कलमानुसार, या संहितेखालील पती-पत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरून कर आकारला जाऊ लागला. घरभाडे एकाच्या खात्यात जमा झाले तरी कर दोघांच्या नावावर. सिआब्राची संहिता आयकर विवरणपत्रात अशी डोकावते.

पुढे गोव्याच्या विधानसभेने वारसाविषयक नवा कायदा केला. तो २०१२ चा, पण लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. जुन्या पोर्तुगीज कलमांची जागा आता इंग्रजी मजकुराने घेतली, अर्ध्या हिश्शाचे तत्त्व मात्र तसेच ठेवले. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वारसा-खटल्यात स्पष्ट केले की गोव्याच्या रहिवाशाची गोव्याबाहेर भारतात कोठेही असलेली मालमत्ता वारशाच्या बाबतीत याच कायद्याने चालेल.

आता तेरेखोलच्या उत्तरेला परत येऊ. येथे काय घडत होते?

घटस्फोटाचा हक्क हप्त्याहप्त्याने आला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९३१ साली हिंदूंना घटस्फोट मिळाला, मुंबई प्रांतात १९४७ साली. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रखडल्यामुळे १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, आणि त्या विधेयकाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली. फार मोठी गोष्ट. पण ती तिच्या ताब्यात असलेल्या मालमत्तेबद्दल होती. संसारात उभे राहिलेले घर पतीच्या नावावर असेल तर?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात या प्रश्नासाठी २७ वे कलम आहे. विवाहाच्या सुमारास भेट म्हणून आलेली आणि दोघांच्या सामाईक मालकीची असेल अशी मालमत्ता, एवढ्यापुरता न्यायालयाने आदेश द्यावा. म्हणजे ताटवाट्या, कपाट, लग्नातला फ्रीज. पुढच्या पंचवीस वर्षांत घेतलेली सदनिका या कलमात बसत नाही. त्यासाठी २५ वे कलम, कायमस्वरूपी पोटगीचे. पुन्हा पोटच!

आणि पोटाची किंमत तरी किती? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, केंद्रीय कायद्याने, भरणपोषणाची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये होती. ती मर्यादा हटली २००१ साली.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निदान स्त्रीधनाचा प्रश्न सोडवला. सासरी ठेवलेले स्त्रीधन पती-पत्नींचे संयुक्त होत नाही, पती त्याचा विश्वस्त असतो आणि परत न दिल्यास विश्वासघाताचा गुन्हा होतो, असा तो निर्णय. कात्यायनाला यात नवे काही वाटले नसते.

महाराष्ट्रात याच सुमारास न्यायालयाबाहेर एक वेगळा प्रयत्न झाला. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८० च्या दशकाअखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. पतीने स्वतः होऊन जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, ती जिवंत नाते असतानाच. भांडण झाल्यावर नव्हे. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्त गाव, तेथे शरद जोशी स्वतः जाणार. जळगाव जिल्ह्यातील विटनेरचे नाव यात पुढे होते. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी शासनाने पुढे जी योजना राबवली तिलाही हेच नाव मिळाले. मला या चळवळीविषयी आदर आहे. पण विज्ञानेश्वराच्या चौकटीत ठेवून पाहिले की तिची मर्यादाही दिसते. वाटणी येथेही पतीच्या इच्छेनेच होत होती.

संसदेत एकदा दार किलकिले झाले. विवाह कायदे दुरुस्ती विधेयकात, घटस्फोटाच्या वेळी पतीच्या मालमत्तेतून पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले. लोकसभेत ते आलेच नाही आणि २०१४ च्या निवडणुकीबरोबर बाद झाले. २०१८ साली विधी आयोगाने कौटुंबिक कायद्यांवरील सल्लापत्रात विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांचे एकक मानावी असे सुचवले, मात्र प्रत्येक प्रकरणी डोळे मिटून निम्मे-निम्मे करण्याची सक्ती नको, न्यायालयाला विवेक हवा, असेही म्हटले. अल्पकाळाचा विवाह आणि चाळीस वर्षांचा संसार यांना एकच माप लावणे न्याय्य नाही, हा त्यामागचा विचार रास्त आहे. गोव्याच्या नियमावरील सर्वांत गंभीर आक्षेपही हाच.

जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एक जुना दावा निकाली निघाला. पती अनेक वर्षे सौदी अरेबियात नोकरीला होता, पत्नी तमिळनाडूत घर आणि मुले सांभाळत होती. त्याने पाठवलेल्या पैशांतून जमीन आणि घरे घेतली गेली, आणि पुढे ती कोणाची यावर दोघे न्यायालयात गेली. वाटणीची तरतूद करणारा कायदा नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण पत्नीच्या कष्टांचे योगदान ओळखण्यास मनाई करणाराही कोणताच कायदा नाही, असे पुढे नमूद केले. चोवीस तास घर सांभाळणारी बाई होती म्हणूनच पती निर्धास्त मनाने परदेशी कमावू शकला, या तर्काने तिला त्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत समान हिस्सा मिळाला. हा एका उच्च न्यायालयाचा निर्णय आहे, देशभरचा कायदा नव्हे.

बांदा आणि पत्रादेवी ही महाराष्ट्र-गोवा सीमेवरची दोन गावे. मुंबई-गोवा महामार्गावर त्यांच्यात काही मिनिटांचे अंतर आहे. बोली, देव, सोयरीक बरीचशी एकच. पलीकडे जोडप्याच्या मालकीची जमीन विकायची झाल्यास खतावर पती आणि पत्नी अशा दोघांच्या सह्या लागतात. अलीकडे, सातबारा पतीच्या एकट्याच्या नावाने असेल तर, एक सही पुरते. जुन्या खरेदीखतांचे गठ्ठे तुमच्या घरात असतील तर शेवटचे पान उघडून पाहा आणि विकणाऱ्यांच्या सह्या मोजा. गोव्याकडचे खत बहुधा त्यावरूनच ओळखू येईल.